आधी वही, मग पर्स

अगं, आधी मनातून एक काढून टाक. कॉम्प्युटर मध्येच बंद पडून पुन्हा चालू होतोय, यात तुझा काडीचाही दोष नाही. 'मीच कुठलंतरी बटण दाबलं असेन' हे तू फोनवर घोकत होतीस ना, ते वाक्य तुझं नाहीच. घरातल्यांनी ते तुझ्या तोंडी घातलंय. टीव्ही बिघडला की टीव्ही बिघडतो. कॉम्प्युटर बिघडला की त्याच्यासमोर बसणाऱ्या बाईचं काहीतरी चुकलेलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी! कॉलेजच्या लॅबमधली मशीन सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून ठामपणे सांगते, की-बोर्डवर काही भलतंसलतं दाबलं म्हणून धडधाकट मशीन असं मान टाकत नाही.

दुसरं तू म्हणालीस, 'ताई, त्याचा काही नेमच नाही, कधीही होतं.' इथे मात्र मी तुझं ऐकणार नाही. नेम असतो. आपण तो लिहून ठेवलेला नसतो, एवढंच. आणि लिहिलेलं नसलं की दुकानदाराचं फावतं. तो येतो, दोन मिनिटं पडद्याकडे बघतो आणि म्हणतो, 'मॅडम, फॉरमॅट मारून देतो.' बिघाड असतो विजेच्या बोर्डात आणि हा धुऊन काढतो विंडोज. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. दोन दिवस मशीन बरं चालतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग 'मदरबोर्ड गेला' ऐकायला मिळतं. म्हणून माझं सांगणं एकच आहे. पर्स उघडण्याआधी वही उघड.

पण वहीच्याही आधी बॅकअप. आज रात्रीच. लग्नसराईचे दिवस आहेत, लोकांच्या पत्रिकांच्या फाइली तुझ्या मशीनमध्ये पडल्यात. मशीन एखादी फाइल डिस्कवर उतरवत असतानाच बंद पडलं, तर ती फाइल अर्धवट राहते आणि पुन्हा उघडेलच असं नाही. एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घे, एक ऑनलाइन ठेव. आणि कॉपी झाली म्हणून सुटलीस असं समजू नकोस; त्यातल्या दोन-चार फाइली दुसऱ्या कुठल्यातरी मशीनवर उघडून बघ. वर्डमध्ये काही आपोआप जपलं जातं, ते मुळात दर दहा मिनिटांनी. तो आकडा सेटिंगमध्ये जाऊन दोनवर आण. कोरलमध्येही ऑटो-बॅकअपची सोय आहे, ती चालू आहे ना ते पाहा. हे झालं की तुझा जीव भांड्यात पडेल, आणि शांत डोक्याने शोध घेता येईल.

आता वही. शाळेची शंभर पानी चालेल. चार रकाने आख. किती वाजता झालं. मशीनवर तेव्हा काय चालू होतं. घरात किंवा बिल्डिंगमध्ये त्याच सुमाराला काय सुरू झालं किंवा बंद झालं. आणि मशीन नेमकं कसं गेलं. एक आठवडा लिही. 'सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर लगेच, नंतर दिवसभर काही नाही' ही एक ओळ दुकानदाराच्या तासाभराच्या मेहनतीइतकी मोलाची असते.

चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, तो जरा नीट समजून घे. मशीन तीन तऱ्हांनी जातं. पहिली तऱ्हा सभ्यपणाची: पडद्यावर 'रीस्टार्टिंग' असं येतं, गोल चक्र फिरतं आणि मग बंद होतं. हा बिघाड नाहीच. विंडोजचा अपडेट आलेला असतो आणि तो लावायला त्याने रीस्टार्ट घेतलेला असतो. सेटिंगमध्ये विंडोज अपडेटखाली 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' म्हणून आहे, तिथे आपल्या कामाच्या वेळा भर, म्हणजे त्या वेळात तो स्वतःहून हे करणार नाही.

दुसरी तऱ्हा निळ्या पडद्याची. विंडोजला आतमध्ये असं काहीतरी सापडतं की पुढे जाणं धोक्याचं, म्हणून ते स्वतःच थांबतं आणि निळा पडदा दाखवतं. विंडोज ११ च्या अलीकडच्या अपडेटनंतर हा पडदा काळा झालाय, पण त्यावर अक्षरं असतात, ती बघ. गंमत म्हणजे विंडोजमध्ये मुळातच अशी सोय असते, की पडदा दाखवून झाला की लगेच रीस्टार्ट घ्यायचा. तू चहा टाकायला गेलेली असतेस, परत येतेस तर मशीन पुन्हा सुरुवातीला. तुला वाटतं आपोआप झालं. ही सोय बंद कर. स्टार्टमध्ये इंग्रजीत 'अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' टाइप कर, उघडेल त्यात 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'च्या सेटिंग्जमध्ये जा आणि 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'समोरची खूण काढ. आता निळा पडदा आला की तिथेच थांबेल. मोबाइलने फोटो काढ. त्यावर एक कोड असतो. 'मेमरी मॅनेजमेंट' असं काही असलं तर रॅमकडे बोट. 'व्हिया अनकरेक्टेबल एरर' असलं तर प्रोसेसर, त्याची वीज किंवा त्याची उष्णता. कोडाच्या खाली एखाद्या फाइलचं नाव आलं तर बहुधा कुठला तरी ड्रायव्हर.

निळा पडदा म्हणजे मशीन खराबच, असंही नाही हं. १९ जुलै २०२४ ला काय झालं आठवतं? क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा एक सदोष अपडेट जगभर गेला आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. चालू होत होती, पडत होती, पुन्हा चालू होत होती. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या मशीनमधला एकही सुटा भाग बिघडलेला नव्हता. त्याच्याही आधी, ऑगस्ट २००३ मध्ये, ब्लास्टर नावाचा वर्म आला होता. विंडोज एक्सपीच्या पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी दिसायची आणि मशीन बंद व्हायचं. तेव्हाही पुष्कळांनी आधी मशीनच्या नावाने बोटं मोडली.

तिसरी तऱ्हा खरी डोकेदुखीची. काम चालू असतं, आणि पापणी लवायच्या आत पडदा काळा. अक्षर नाही, सूचना नाही. क्षणभराने कंपनीचा लोगो. असं होत असेल तर विंडोजला बोलायलाही वेळ मिळाला नाही असं समज. इथे संशय आधी विजेवर, मग उष्णतेवर, मग आतल्या भागांवर. तू फोनवर जे वर्णन केलंस ते बरंचसं या तऱ्हेचं वाटलं मला, म्हणून पुढचं सविस्तर सांगते.

तेवढ्यात एक सावधगिरी. दुकानातला मुलगा येईल आणि 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून तुला लाल खूण दाखवेल: कर्नल-पॉवर, ४१. 'बघा मॅडम, पॉवरचा एरर, एसएमपीएस गेला.' एसएमपीएस म्हणजे मशीनच्या आतला पॉवर सप्लाय. घाबरू नकोस. ४१ चा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी नीट बंद न होताच मशीन पुन्हा सुरू झालं. ते तर तुलाही माहीत आहे! का पडलं, ते त्यात लिहिलेलं नसतं. भर कामात कोणी प्लग उपटला तरी ४१ च येतो. मात्र त्याच्या 'डिटेल्स'मध्ये 'बगचेक कोड' असतो तो बघ. शून्य असेल तर निळ्या पडद्याची नोंदच झालेली नाही, म्हणजे आपली तिसरी तऱ्हा. शून्य नसेल तर दुसरी. आसपास १०७४ दिसला तर कुठल्यातरी प्रोग्रॅमने किंवा माणसाने रीतसर रीस्टार्ट घेतलाय. आणि 'व्हिया-लॉगर' नावाने काही दिसलं तर यंत्रसामग्रीनेच तक्रार केलीय. एवढी जंत्री नको वाटत असेल तर स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी हिस्टरी' शोध. तारखांचा एक तक्ता येतो, लाल फुल्यांसकट. तुझ्या वहीशी ताडून पाहा.

आता विजेकडे वळू. शोध भिंतीपासून सुरू करायचा आणि मशीनच्या आत शेवटी जायचं. बाहेरचं तपासायला पैसे लागत नाहीत, म्हणून.

माझ्या एका मैत्रिणीकडे असंच व्हायचं. वहीत लिहायला लावलं तर संध्याकाळी पाणी यायची वेळ आणि मशीन पडायची वेळ एकच निघाली. बिल्डिंगचा पंप सुरू झाला की घरातले दिवे किंचित मंद व्हायचे. तेवढा झोल मशीनने खरं तर सहन करायला हवा. मग मी एक्स्टेन्शन बोर्ड उचलून पाहिला. त्याच बोर्डावर मशीन, मॉनिटर, प्रिंटर आणि कपाटामागून आलेली फ्रिजची वायर. प्लग काढला तर पितळी पिना एका बाजूने काळ्या पडलेल्या आणि हाताला कोमट. सॉकेटमधल्या पट्ट्या सैल होऊन आत ठिणगी उडत होती. वायरमनला बोलावून भिंतीतला सॉकेट बदलला, अर्थिंग तपासून घेतलं, फ्रिज दुसरीकडे नेला. संपलं. मशीनचं झाकणसुद्धा उघडलं नाही.

तू पण हेच कर. बोर्ड टाळून मशीन थेट भिंतीतल्या तीन पिनी सॉकेटला लाव. मागची काळी पॉवर केबल दोन्ही टोकांना घट्ट बसतेय का ते बघ. मॉनिटरची केबल बहुतेक वेळा तशीच असते, अदलाबदल करून बघ. फुकटातली चाचणी आहे.

मग इन्व्हर्टर. हे फार जणींना माहीत नसतं, म्हणून नीट ऐक. मशीनमधल्या एसएमपीएसने वीज गेल्यावरही साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरावा अशी अपेक्षा असते. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचं. म्हणजे मुदत किती तुटपुंजी ते बघ! घरातल्या इन्व्हर्टरला मागे किंवा पुढे एक खटका असतो, 'नॉर्मल' आणि 'यूपीएस' असा. नॉर्मलवर असला की लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला तो जास्त वेळ घेतो. पंख्याला काही कळत नाही, दिवा जेमतेम लुकलुकतो, मशीन मात्र पडतं. खटका यूपीएसवर कर. आणि लाइट 'गेली' असं तुला दिसायलाच हवं असंही नाही. क्षणभर व्होल्टेज खाली आलं तरी इन्व्हर्टर उडी मारतो आणि तुझं काम जातं.

मशीनला वेगळा यूपीएस असेल तर त्याच्या बॅटरीचं वय विचार. दोन-तीन वर्षांत ती दमते. चाचणी सोपी आहे: सगळं सेव्ह करून, फाइली बंद करून, यूपीएसचा भिंतीतला खटका बंद कर. मशीन तत्काळ पडलं तर बॅटरी संपलीय; मशीनवर खर्च करायचं कारण नाही. ६०० व्हीए असं मोठ्या अक्षरात लिहिलेला यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॉटच्या आसपासच देतो, हेही लक्षात ठेव. आणि लेझर प्रिंटर त्याच्यावर लावू नकोस गं. प्रिंटरचा आतला हीटर तापताना जो झटका ओढतो, त्याने यूपीएस कोलमडतो. पत्रिकेचा प्रूफ काढायला जाशील आणि मशीनच जाईल. तुझ्या वहीत 'प्रिंट दिली' आणि 'रीस्टार्ट' शेजारी शेजारी आले तर मला दुसरं काही विचारूच नकोस.

भिंतीपासून यूपीएसपर्यंत सगळं ठीक निघालं, तरच आत जायचं. आत पहिला संशयित एसएमपीएस. बाहेरची २३० व्होल्टची वीज घेऊन मशीनला १२, ५ आणि ३.३ व्होल्ट पुरवणारा तो डबा. तो मदरबोर्डला एक इशारा सतत देत असतो, की वीज ठीक आहे. तो इशारा क्षणभर जरी गेला तरी मदरबोर्ड सगळं सोडून नव्याने सुरुवात करतो. हाच तुझा 'आपोआप' रीस्टार्ट. स्वस्त कॅबिनेटबरोबर फुकट आलेले एसएमपीएस असतात ना, त्यांच्या अंगावर ४५० वॉट छापलेलं असतं, पण जड कामाच्या वेळी ते तेवढं पेलतीलच याची खात्री नसते. त्यातले कपॅसिटर वयाने आणि उष्णतेने वाळतात. सकाळी थंड असताना एकदा-दोनदा पडतं आणि तापल्यावर नीट चालतं, हे लक्षण बऱ्याचदा दमलेल्या कपॅसिटरचं असतं. त्याउलट मोठी फाइल एक्स्पोर्ट करताना, गेम चालू असताना पडत असेल तर एसएमपीएसला भार झेपत नाही, किंवा मशीन तापतंय.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन व्होल्टेज बघता येतं. १२ व्होल्टची रेघ ११.४ ते १२.६ मध्ये असायला हवी. पण बायोसमध्ये मशीन निवांत असतं, भार नसतो, म्हणून तिथे आकडा बरोबर आला तरी एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. खरी चाचणी अदलाबदलीची. ओळखीच्या कुणाकडून चांगला एसएमपीएस दोन दिवस मागून घे, दुकानदारालाही तेच सांग: 'आधी लावून दाखवा, दोन दिवस चालू दे, मग विकत घेते.' भला दुकानदार नाही म्हणत नाही. एक गोष्ट मात्र मोठ्या बहिणीच्या हक्काने बजावते: एसएमपीएसचा डबा तू उघडायचा नाही, घरात कुणाला उघडू द्यायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट साठलेले असू शकतात.

कॅबिनेटचं झाकण मात्र खुशाल उघड. त्यात काही पाप नाही आणि 'तू कशाला हात लावतेस' म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस. मेन खटका बंद, प्लग बाहेर, मग पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धर, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श कर; नायलॉनचे कपडे त्या दिवशी नकोत. मागचे दोन स्क्रू काढले की डावीकडचं झाकण सरकतं. स्क्रू वाटीत ठेव.

आत तुला बहुधा करड्या धुळीची वाकळ दिसेल, प्रोसेसरच्या पंख्याखालच्या पन्हळींमध्ये घट्ट बसलेली. कोरड्या मऊ ब्रशने आणि ब्लोअरने ती काढ, पण पंख्याचं पातं बोटाने धरून. हवेच्या जोराने ते गरगर फिरू देऊ नकोस. ओलं फडकं अजिबात नको. कोपऱ्यात जळमटं, मुंग्या, पाल, सगळं निघू शकतं, किंचाळू नकोस. इंटेलच्या प्रोसेसरबरोबर आलेला पंखा असेल तर त्याच्या चार कोपऱ्यांवर काळ्या प्लॅस्टिकच्या चार खुंट्या असतात. त्यातली एखादी वर आलेली असते. बाहेरून सगळं ठीक दिसतं, पंखाही फिरतो, पण पंख्याचा तळ प्रोसेसरला एका बाजूने टेकलेलाच नसतो. खुंटी बसवण्यासाठी पंखा काढावाच लागला तर जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावायची, वाटाण्याएवढी. तेवढं दुकानदाराकडून समोर बसून करून घे.

उष्णतेबद्दल एक खूण सांगून ठेवते. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोहोचला की आधी स्वतःच वेग कमी करतो. मशीन रेंगाळायला लागतं. त्याहूनही तापला तर स्वतःला वाचवायला मशीन बंद पाडतो, आणि बहुधा ते बंदच राहतं. म्हणजे 'बंद पडलं आणि पडूनच राहिलं' हे उष्णतेचं लक्षण, 'बंद पडलं आणि लगेच उठलं' हे जास्त करून विजेचं. मात्र बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय असते. कुणी ती चालू केली असेल तर वीज जाऊन आली तरी मशीन आपलं आपण उठून बसतं. तीही एकदा बघून घे.

झाकण उघडं आहे तोवर रॅमही पाहून टाक. दोन्ही टोकांचे चिमटे मागे कर, पट्टी सरळ वर ओढ. खालच्या सोनेरी दातांवरून पांढरं मऊ खोडरबर हलकेच फिरव, भुगा स्लॉटपासून दूर झाड आणि पट्टी परत बसव. टक् असा आवाज आला पाहिजे. कोकणासारख्या दमट हवेत एवढ्यानेच कित्येक मशीन सुधारतात. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून दोन-दोन दिवस चालव; कुठली असताना पडतं ते कळेल. 'मेमटेस्ट ८६' नावाचा मोफत प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवता येतो. त्यात एक जरी चूक निघाली तरी ती रॅम मला खपणार नाही. बायोसमध्ये कुणी रॅमचा वेग वाढवून ठेवला असेल, 'एक्सएमपी' म्हणतात त्याला, तर तो आधी बंद करून बघ, मगच रॅमला दोष दे.

आणि हे वाचून हसशील: रीसेट बटण. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचं ते छोटं बटण धुळीने अर्धवट दाबलेलं राहतं. टेबलाला धक्का लागला, पाय लागला, की संपर्क होतो आणि मशीन पडतं. त्याची दोन पदरी बारीक वायर मदरबोर्डच्या कोपऱ्यात दोन पिनांवर खोचलेली असते, तिच्यावर 'रीसेट एसडब्ल्यू' लिहिलेलं असतं. ती ओढून काढ आणि आठवडाभर तशीच चालव. त्या बटणावाचून कुणाचं काही अडत नाही. त्याच फेरीत मदरबोर्डला जाणारा रुंद २४ पिनी जोड आणि प्रोसेसरजवळचा छोटा ४ किंवा ८ पिनी जोड अंगठ्याने दाबून घट्ट कर.

तुझ्या भाच्याच्या गेमिंगच्या मशीनबद्दलही विचारलं होतंस, तर थोडक्यात. त्यात इंटेलचा तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा ताकदीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल, तर २०२४ मध्ये इंटेलनेच कबूल केलं, की यातले काही प्रोसेसर जास्तीचं व्होल्टेज ओढून अस्थिर होतात. उपाय म्हणून बायोस अपडेटमधून नवा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. म्हणून बायोस ताजा करा. पण आधीच झालेली इजा अपडेटने भरून निघत नाही, तिथे वॉरंटीच मागायची. सुरुवातीचे काही एएमडी रायझन याच्या उलट. भारात बरे, पण निवांत असताना पडायचे. त्यांना बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' हे 'टिपिकल करंट आयडल' केलं की पुष्कळदा फरक पडतो. बायोस अपडेट करताना मात्र यूपीएस धड पाहिजे. मध्येच वीज गेली तर मदरबोर्डच अडकून बसू शकतो.

आता तू विचारशील, दोष विंडोजचा की यंत्राचा, हे एका फटक्यात कळणार नाही का? बऱ्यापैकी कळतं. एका रिकाम्या पेन ड्राइव्हवर उबंटू घालून घे. त्यावर आधीचं जे असेल ते पुसलं जातं, म्हणून रिकामा म्हटलं. मशीन त्या पेन ड्राइव्हवरून चालू कर आणि 'ट्राय' म्हण, 'इन्स्टॉल' नको. तुझ्या डिस्कला हात न लावता मशीन वेगळ्याच सिस्टिमवर चालेल. चार-पाच तास व्हिडिओ लावून ठेव. तिथेही पडलं तर विंडोज निर्दोष, आणि 'फॉरमॅट मारतो' म्हणणाऱ्याला नम्रपणे चहा पाजून वाटेला लावायला तू मोकळी. तिथे नाही पडलं तर ड्रायव्हर किंवा विंडोजवरचा संशय बळावतो. मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने घाल, अलीकडे घातलेले प्रोग्रॅम काढून बघ. अगदी शेवटचा उपाय म्हणून फॉरमॅट, तोही बॅकअप हातात असताना.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मात्र पाळ. घाईघाईत रॅम साफ केली, सॉकेट बदलला, ड्रायव्हरही नवा घातला, आणि मशीन सुधारलं, तर कशाने सुधारलं ते कधीच कळणार नाही. महिन्याने पुन्हा बिघडलं तर पुन्हा श्रीगणेशा. एक बदल, दोन-तीन दिवस वाट, वहीत ओळ, मग पुढचा.

काही गोष्टी दुकानात ऐकू येतील, त्या या कानाने ऐकून त्या कानाने सोड. 'सेल संपला म्हणून रीस्टार्ट होतो.' मदरबोर्डवरचा तो नाण्याएवढा सेल संपला तर घड्याळ आणि बायोसची सेटिंग्ज विसरली जातात, चालत्या मशीनला तो सहसा पाडत नाही. 'विंडोज १० बंद झालं ना, त्यामुळे.' १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा आधार संपला, म्हणजे सुरक्षेचे अपडेट सर्वसाधारणपणे थांबले. मशीन त्या कारणाने मध्येच पडत नाही. 'हार्ड डिस्क गेलीय.' डिस्क खराब झाली की मशीन जास्त करून अडकतं, घुटमळतं, फाइली उघडत नाही. झटकन काळं होणं हे तिचं नेहमीचं लक्षण नाही.

एवढं सगळं करूनही हाती काही लागलं नाही, तर मशीन दुकानात ने. मदरबोर्डची बारीक दुरुस्ती आपल्या आवाक्यातली नाही, आणि त्यात कमीपणाही नाही. पण जाताना वही घेऊन जा. 'आपोआप बंद होतो' असं म्हणू नकोस. 'काळा पडदा, कोड शून्य, भिंतीच्या सॉकेटवर लावून पाहिलं, यूपीएस तपासला, रॅम एकेक करून चालवली, उबंटूवरही पडतो' असं म्हण. समोरच्याचा सूर बदलतो की नाही बघ. काय बदललं ते बिलावर लिहून घे आणि काढलेला जुना भाग परत माग, वापरायचा नसला तरी. दुरुस्तीचा आकडा नव्या मशीनच्या निम्म्याकडे जायला लागला आणि मशीनला आठ-दहा वर्षं झाली असली, तर दुरुस्ती नको. नवं घेताना प्रोसेसरवर थोडा कमी खर्च कर, पण एसएमपीएस आणि यूपीएस नावाजलेले घे.

मी येत्या रविवारी मोकळी आहे. वहीची पानं मोबाइलवर पाठव, मग बोलू. आणि बॅकअप उद्यावर ढकलू नकोस, मी तुला चांगली ओळखते.